डिकीत बंदूक आहे

आमच्या अख्ख्या घराण्यात बंदुकीचा परवाना एकाच माणसाने काढला, आणि ते माणूस सुती पाचवारी नेसून, पायात रबरी चपला घालून स्कूटीवरून भाजी आणायला जायचं. बाकी आम्ही पुरुष मंडळी दिवाळीत टिकल्यांचं पिस्तूल वाजवतानाही डोळे मिटून घेणारी. मी तर विमा कंपनीत नोकरीला. धोका कागदावर असला की मला चांगला समजतो. समोर उभा राहिला की चहा कुठे मिळेल ते मी बघायला लागतो.

इंदूआत्या माझ्या वडिलांची धाकटी बहीण. सगळी नोकरी तिने कोर्टाच्या कचेरीत काढली. न्यायाधीश बदलून जात, वकिलांचे केस पिकत, आत्या आपल्या टेबलाशी. अंगाने काटकुळी, चष्म्याला दोरी, आणि एक काळी रेक्झीनची पर्स. ही पर्स तिने खांद्याला लावलेली मी कधी पाहिली नाही. बसली की ती मांडीवर घ्यायची आणि दोन्ही हातांनी धरायची, कुणीतरी आत्ता येऊन ती जप्त करणार आहे अशी.

तिचं नियमांवर प्रेम होतं असं लोक म्हणतात. मला ते पटत नाही. प्रेम मामांवर होतं, म्हणजे तिच्या यजमानांवर. नियमांची तिला कणव यायची. "नियम आहे म्हणजे आधी कुणीतरी चुकलंय," ती म्हणायची. "कुणाचा हात गेला असेल, कुणाचं घर गेलं असेल. तेव्हा कुठे त्या दोन ओळी लिहिल्या जातात." म्हणून पहाटे रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसताना ती सिग्नलला स्कूटी थांबवून उभी राहायची. मागचा दूधवाला हॉर्न वाजवून वाजवून शेवटी काहीतरी बोलून पुढे जायचा. आत्या लाल दिव्याकडे बघत उभी. पंचवटीत आमच्या ओळखीचे एक गुरुजी आहेत, ते बाजूच्या दाराने आत घेतात. आम्ही सगळे देवाला त्याच दाराने भेटलेलो. आत्या मात्र रांगेत. मी एकदा म्हटलं, "आत्या, देवाला काय कळतंय, कोण कुठल्या दाराने आलं ते?"

"देवाला एवढंही कळत नसेल," ती म्हणाली, "तर मग जायचंच कशाला?"

खोटं न बोलणं हा तिचा दुसरा आजार. माझ्या लग्नाच्या वेळी मुलीकडची माणसं चौकशीला तिच्याकडे गेली. आत्याने त्यांना चहा दिला, पोहे दिले आणि सांगितलं, "मुलगा निर्व्यसनी आहे. रागीट नाही. पण एखादी गोष्ट अंगावर आली की हा तिथे नसतो." लग्न तरीही झालं. माझ्या बायकोला ते वाक्य पाठ आहे, आणि वर्षातून तीन-चारदा त्याचा उपयोगही होतो.

मामा निवृत्त झाल्यावर दोघांनी नाशिकबाहेर मखमलाबादच्या पुढे, कालव्याच्या अंगाला बंगला बांधला. बंगला आपला म्हणायला. तीन खोल्या, पुढे ओटा, मागे चिकूची झाडं आणि कुंपणापलीकडे कुणाची तरी द्राक्षबाग. मूलबाळ नव्हतं. मामा गेले तेव्हा सगळे धरूनच चालले की आत्या आता सुनीलदादाकडे जाणार. सुनीलदादा म्हणजे माझा थोरला चुलतभाऊ. राहायला नाशिक रोडला, धंदा प्लॉट आणि फ्लॅटचा. तो आत्याकडे आला की आधी जागेकडे बघायचा, मग आत्याकडे. ओट्यावर चहा पितापिता नजरेनेच तो तिथे चार मजले चढवायचा, पार्किंगसकट.

"आत्या, तू एकटी बाई," तो म्हणायचा. "मागे बाग, बागेत बिबट्या. पुढे रस्ता, रस्त्यावर चोर. इथे काय करतेस? चल आमच्याकडे. जागेचं मी बघतो."

"जागेचं मी बघतेय की," आत्या म्हणायची आणि कपबशा उचलायची.

मग पलीकडच्या बंगल्यात दरोडा पडला. म्हाताऱ्या नवराबायकोला खुर्च्यांना बांधून चोरट्यांनी घर धुऊन नेलं. दुसऱ्या दिवशी सुनीलदादा हजर. या वेळी त्याच्याजवळ मुद्दा होता आणि सगळं घराणं त्याच्या मागे उभं होतं. आत्याने सगळ्यांचं ऐकून घेतलं.

"म्हणजे अडचण एवढीच ना, की मी एकटी आहे आणि माझ्या हातात काही नाही?"

"एवढीच," सुनीलदादा म्हणाला.

"मग हातात काहीतरी घेते."

आम्हाला वाटलं, काठी घेईल. फार तर कुत्रा पाळेल.

बंदुकीचा परवाना काढणं म्हणजे काय, हे मला आत्याच्या मागे फिरून कळलं. आधी अर्ज. मग चौकशी. मग डॉक्टरचा दाखला, की बाई अंगाने आणि डोक्याने धड आहे. हा दाखला आमच्या घराण्यात फक्त तिच्याकडेच आहे हे ती पुढे अधूनमधून ऐकवायची. चौकशीला हवालदार आला तो शेजाऱ्यांना विचारत फिरला, बाई कशी आहे. एकाने सांगितलं, "चांगली आहे, पण गाडी जरा आडवी लावली की बोलते." हवालदाराने ते लिहून घेतलं नाही म्हणून आत्या नाराज झाली. "खरं आहे ते," ती म्हणाली, "लिहायला हवं होतं."

मग मुलाखत. मी बाहेर बाकावर बसलो होतो, दार उघडं होतं.

"ताई, या वयात बंदूक कशाला?" साहेबांनी विचारलं.

"माझ्या घरात राहायला."

"कुणी धमकी दिलीय का?"

आत्याने प्रामाणिकपणे विचार केला. "भाचा दर रविवारी घरी चल म्हणतो. पण ती धमकी धरता येणार नाही."

साहेब हसले. मग तिने पलीकडच्या बंगल्याचं सांगितलं तेव्हा हसायचे थांबले. पुढे प्रशिक्षण आलं. बंदूक कशी धरायची, कशी उघडायची, रिकामी आहे हे कसं बघायचं. पहिल्या बाराला तिच्या खांद्याला असा दणका बसला की खांदा निळा पडला. आठवडाभर आंबेहळदीचा लेप लावून हिंडली. मी म्हटलं, "आत्या, सोड नाद." ती म्हणाली, "खांदा माझा दुखतोय, तोंड तू कशाला वाकडं करतोस?"

परवाना आला. आता बंदूक. क्रम हाच असतो; आधी परवाना, मग बंदूक, आणि परवाना मिळाल्यावर ठरलेल्या मुदतीत ती घ्यावी लागते. दुकानातल्या नव्या बंदुका आत्याला पसंत पडेनात. साड्यांसारखं होतं, एक जड, एकीचा दस्ता गुळगुळीत. तेवढ्यात तिला दौलतनानांची आठवण झाली. सटाण्याच्या बाजूचे हे मामांचे जुने दोस्त. त्यांच्याकडे परवान्याची दुनळी बंदूक होती आणि आता डोळ्यांनी त्यांना समोरचा गडीही नीट दिसत नव्हता. आम्ही गेलो. नानांनी दुनळी बाहेर काढली, फडक्याने पुसली आणि आत्याच्या समोर बाजेवर ठेवली.

"ताई, आते ही तुम्हनीच शे," नाना म्हणाले. "ली जा आजच. कोण देखस?"

"मी देखते ना," आत्या म्हणाली.

नानांना कळेना. त्यांच्या आयुष्यात बैल, विहिरीचा पंप, ट्रॅक्टर, सगळे व्यवहार हातावर हात मारून झालेले. आत्याने त्यांना समजावलं. परवाना असलेल्या माणसाने परवाना असलेल्या माणसाला बंदूक विकली तर चालतं, दुकानच पाहिजे असं नाही. पण विकणाऱ्याने आधी लेखी कळवायचं आणि त्यानंतर पंचेचाळीस दिवस थांबायचं. तोवर बंदूक नानांची, नानांच्या घरात.

"आनि तेवढ्यात मी मरी गयू तर?"

"तर तुमच्या मुलाला ती पोलिसांकडे जमा करावी लागेल. त्याला सांगून ठेवा. घरात ठेवली तर गुन्हा."

मरणाचा विषय नानांनी भावनेने काढला होता. तिने त्याचा नियम सांगितला. नाना सुनेला म्हणाले, "जेवाले वाढ. ही बाई आज काही ली जात नही."

मुदत संपली, परवान्यावर बंदुकीचा नंबर चढला, नानांकडची उरलीसुरली काडतुसंही रीतसर तिच्या नावावर आली. आणायला पुन्हा मीच. गाडी माझी होती म्हणून, शौर्यामुळे नाही. मी म्हटलं होतं, "आत्या, तू कशाला एवढ्या लांब दगदग करतेस? मी जाऊन घेऊन येतो."

"तू एकटा आणलीस तर तू आत जाशील," ती म्हणाली. "परवाना माझा आहे. जिथे ती, तिथे मी."

दुनळीची नळी वेगळी, दस्ता वेगळा, दोन्ही कापडी खोळीत, खोळ डिकीत. काडतुसं आत्याच्या पर्समध्ये. पर्स मांडीवर, दोन्ही हात पर्सवर. वाटेत मला चहा हवा होता. आत्या गाडीतून उतरेना. "तिला एकटं सोडायचं नाही," म्हणाली, जशी काही डिकीत तान्ही मुलगी झोपली होती. मी चहा गाडीत आणून दिला. देवळ्याच्या पुढे नाकाबंदी लागली. हवालदाराने काचेवर टकटक केलं.

"डिकीत काय आहे?"

"काही नाही साहेब, घरचंच सामान," मी म्हणालो. माझ्या तोंडातून हे इतक्या सहज कसं आलं, देव जाणे.

मागच्या सीटवरून आवाज आला, "डिकीत बंदूक आहे."

एक हवालदार दोन पावलं मागे गेला, दुसऱ्याने खिडकीतून हात घालून किल्ली काढून घेतली. आत्या सावकाश उतरली, परवाना काढून दिला आणि डिकी उघडायला लावली.

"गोळ्या कुठेत?"

"त्या इथे." तिने पर्स उचलून दाखवली. "बंदूक रिकामी आहे. बघून घ्या."

हवालदाराने नळीतून आकाश बघितलं, नंबर ताडून पाहिला. "मावशी, सगळं बरोबर आहे. पण हे साहेब 'काही नाही' का म्हणाले?"

"तो असाच आहे. त्याबद्दल काही कलम आहे का?"

"नाही."

"मग सोडा त्याला. घरी बायको वाट बघतेय."

नाशिक येईपर्यंत ती हसत होती. मामा गेल्यानंतर मी तिला इतकं हसताना पाहिलं नव्हतं.

दुनळी आतल्या खोलीतल्या लोखंडी कपाटात गेली. कपाट भिंतीला बोल्टांनी जखडलेलं, किल्ली आत्याच्या कमरेला. काडतुसं दुसऱ्या खोलीत, वेगळ्या पेटीत, वेगळ्या कुलपात.

"चोर आला तर?" मी विचारलं.

"त्याला थोडं थांबावं लागेल," आत्या म्हणाली. "आधी कपाट, मग पेटी, मग नळी जोडायची."

"मग उपयोग काय?"

"उपयोग झालाय. सुनील बसला ना गप्प?"

खरंच बसला होता. 'एकटी बाई' हे त्याचं वाक्यच गेलं. आत्या सरावापलीकडे बंदूक उडवत नव्हती, पण ती बंदूक रोज तिच्या घराचा दरवाजा धरून उभी होती. निवडणूक आली की परवान्याची शस्त्रं जमा करण्याचा हुकूम निघतो. आत्या आधल्याच दिवशी चौकीवर जाऊन दुनळी देऊन यायची. सुनीलदादाने एकदा सापुताऱ्याला मित्राच्या फार्महाऊसवर सगळ्यांना नेलं. म्हणाला, "आत्या, तुझी बंदूक घे ना, मजा येईल." आत्या म्हणाली, "परवाना महाराष्ट्रापुरता आहे. सुरगाण्यापुढे गुजरात लागला की माझी बंदूक गुन्हेगार होते." ती स्वतःही आली नाही. चिकूला पाणी द्यायचं होतं.

सुनीलदादावर तिचा राग होता का? नाही. त्याच्या मुलावर, ओंकारवर, तर तिचा जीव होता. पोरगा फौजदाराच्या परीक्षेचा अभ्यास करत होता आणि कायद्याचा पेपर त्याला झेपत नव्हता. दर रविवारी तो बाइकवरून यायचा, आत्या थालीपीठ थापता थापता त्याला कलमं समजावायची. प्रत्येक कलमामागे एक चुकलेला माणूस उभा करायची. तिने शिकवलेलं त्याला आठवायचं, पुस्तकातलं आठवायचं नाही. पोरगा पास झाला. निकाल लागला त्या दिवशी आत्याने रिक्षावाल्यापासून दूधवाल्यापर्यंत, त्या शिव्या देणाऱ्या दूधवाल्यालासुद्धा, पेढे दिले. आता फक्त चारित्र्याची पडताळणी राहिली होती. पोलीस स्वतःच्या माणसाबद्दल चौकशी करतात, काही गुन्हाबिन्हा नाही ना, आणि मग नेमणूक.

त्यानंतर आला दसरा. शस्त्रांची पूजा खरी खंडेनवमीची, पण नवमीला आम्हाला सुट्टी नसते, म्हणून आमच्याकडे ती दसऱ्याला, आत्याच्या घरी. ओट्यावर मांडलेल्या पाटावर विळी, कोयता, मामांचा पान्हा, माझा कॅल्क्युलेटर. दुनळी मात्र कपाटात. आत्या कपाटाचं दार उघडायची, आतल्या आत कुंकू लावायची, फूल वाहायची आणि दार बंद करायची.

"आत्या, घरात फौजदार झालाय," सुनीलदादा म्हणाला, "आणि शस्त्र कपाटात? देवाला कधी कुलपात पुजतात का? आज तरी पाटावर ठेव."

"नियमात पूजेला सूट नाही रे."

"आजी, पाचच मिनिटं," ओंकार म्हणाला.

आत्याने त्याच्याकडे बघितलं. नवा सदरा, नुकताच कापलेला केसांचा पोलिसी कट. तिने कमरेची किल्ली काढली. दुनळी आणली, उघडून दोन्ही नळ्या रिकाम्या असल्याचं सगळ्यांना दाखवलं, पाटावर ठेवली, कुंकू लावलं, झेंडूचं फूल ठेवलं. "हात कुणी लावायचा नाही," म्हणाली. तेवढ्यात तेल तापल्याचा वास आला आणि ती पुऱ्या तळायला आत गेली. त्या वेळी मी स्वयंपाकघरात चव बघण्याच्या कामावर होतो, म्हणून मला हे पक्कं माहीत आहे. ओट्यावर जे झालं तेव्हा आत्या आत होती आणि तिचे दोन्ही हात कणकेने भरलेले होते.

ओट्यावर झालं ते असं. ओंकारने दुनळी उचलली, गॉगल चढवला, एक पाय मामांच्या आरामखुर्चीवर ठेवला आणि फोटो काढून घेतला. मग फोनवर सगळ्या जगाला दिसेल असा टाकला. खाली लिहिलं, 'आता कायदा आपल्या हातात.' आणि जेवायला बसला. श्रीखंड दोनदा घेतलं.

बंदूक हातात घेऊन फोटो टाकणाऱ्या पोरांवर त्या दिवसांत पोलिसांची नजर होती. कुणीतरी तो फोटो पुढे पाठवला. आठवड्याच्या आत एक तरुण फौजदार आणि एक हवालदार आत्याच्या ओट्यावर आले. आत्याने आम्हाला फोन केला. आम्ही पोहोचलो तेव्हा सुनीलदादा आणि ओंकार आधीच आलेले. ओंकार बुटांकडे बघत होता. सुनीलदादाने आत्याला बाजूला, चिकूपाशी नेलं. खोटं बोल असं तो म्हणाला नाही. तेवढा तो हुशार आहे. म्हणाला, "आत्या, गुन्हा दाखल झाला की याची नोकरी संपली. तुझ्या हातात आहे सगळं."

आत्या परत येऊन खुर्चीत बसली. तो फौजदार चांगला होता. त्याने स्वतःच वाट दाखवली. "आजी, तुमचं रेकॉर्ड स्वच्छ आहे. तुम्ही आत होतात आणि मुलाने परस्पर उचलली, असं असेल तर तसं सांगा. तुम्हाला समज देऊन भागेल."

म्हणजे ओंकारचं भागणार नव्हतं. आत्याला ते कळलं. परवाना नसलेल्या हातात बंदूक, हे तिनेच त्याला थालीपीठाबरोबर शिकवलं होतं.

"मी आत नव्हते," आत्या म्हणाली. "मी इथेच होते."

मी तिच्याकडे बघत राहिलो.

"माझं मनगट दुखत होतं. मीच त्याला म्हटलं, उचल आणि कपाटापर्यंत माझ्याबरोबर घेऊन चल. परवानेधारकाच्या समोर, त्याच्यासाठी कुणी उचलून नेली तर तो गुन्हा होत नाही. बघून घ्या कायद्यात."

फौजदाराला ते ठाऊक होतं. "आणि फोटो?"

"मीच काढायला लावला. मीच टाकायला सांगितलं. या घरात बंदूक आहे हे लोकांना कळावं म्हणून. त्याने नको म्हटलं होतं."

देवळ्याच्या नाक्यावर 'डिकीत बंदूक आहे' म्हणताना जो आवाज होता, तोच. जराही हलला नाही. हवालदार लिहीत होता. फौजदार म्हणाला, "आजी, हे शस्त्राचं प्रदर्शन झालं, यात परवाना जाईल. तुमच्यावर केस होईल."

"होऊ दे. चुकलेय मी."

आत जाऊन तिने कपाट उघडलं आणि दुनळी स्वतःच्या हाताने आणून दिली. किल्ली मात्र पुन्हा कमरेला लावली. कपाटात आता काही नव्हतं.

त्या संध्याकाळी मी विचारलं, "आत्या, तू तर पुऱ्या तळत होतीस."

"त्याला वाचवायला नियमात जागा होती," ती म्हणाली. "पण त्या जागेत बसायला मला ओट्यावर असावं लागलं."

केस तिच्याच कोर्टात लागली. इतकी वर्षं जिथे बसली तिथे ती आरोपी म्हणून उभी राहिली. जुना शिपाई धावत खुर्ची घेऊन आला. आत्या म्हणाली, "आरोपीने उभं राहायचं असतं, विसरलास का?" आणि उभी राहिली. गुन्हा कबूल केला, दंड भरला. शिपाई खुर्ची धरून कितीतरी वेळ तसाच उभा होता. बसायला कुणी नाही आणि न्यायची तर कुठे न्यायची.

ओंकारची पडताळणी सुरळीत झाली. तो प्रशिक्षणाला गेला. आणि मग सुनीलदादाने नातेवाइकांना फोन सुरू केले. मलाही आला.

"आत्याचं आता काही खरं नाही रे," तो म्हणाला. "पोराच्या हातात बंदूक काय देते, फोटो काय काढायला लावते. पोराची नोकरीच घालवली होती तिने. तिने स्वतः पोलिसांना सांगितलंय. अशा बाईला त्या रानात एकटं कसं ठेवायचं?"

त्याला खरं काय ते माहीत होतं. तो त्या ओट्यावर उभा होता, फोटोही बहुधा त्यानेच काढला होता. पण आत्याचं म्हणणं आता सरकारी कागदावर होतं, त्याच्याकडे फक्त ते मोठ्याने वाचायचं काम होतं. आत्याच्या ओट्यावर घराण्याची बैठक बसली. सगळ्यांनी माना डोलावल्या, सुनीलदादाने जागेचे कागद पुढे सरकवले. आत्याला एकच वाक्य बोलायचं होतं. ती ते बोलली असती तर घर राहिलं असतं आणि ओंकार अकादमीतून परत आला असता. मी तिच्याकडे बघत होतो, की आत्ता बोलेल, आत्ता बोलेल. मी बोलायला तोंड उघडलं तर तिने माझ्याकडे असं बघितलं, की माझ्या लग्नाच्या चौकशीत तिने जे सांगितलं होतं ते मी पुन्हा एकदा खरं केलं.

"कुठे सही करू?" ती म्हणाली.

ती नाशिक रोडला सुनीलदादाच्या फ्लॅटमध्ये राहायला गेली. खोली चांगली होती, खिडकी पलीकडच्या इमारतीच्या पाइपांकडे. पुढच्या दसऱ्याला ओंकार रजेवर आला. खांदे रुंद झालेले, आवाज बदललेला. पाटावर त्याचा बेल्ट आणि टोपी. त्याला बघायला म्हणून मुलीकडची माणसं आली होती, आणि कुणीतरी त्या फोटोचा विषय काढला. ओंकार मोकळेपणाने हसला.

"आजीलाच हौस होती फोटोची," तो म्हणाला. "मी सांगत होतो, आजी नको. पण तिला कोण सांगणार?"

खोटं बोलणारा माणूस ओळखायची माझी नोकरीच आहे, दाव्यांच्या टेबलावर मी रोज तेच करतो. ओंकार खोटं बोलत नव्हता. त्याला आता ते तसंच आठवत होतं. आत्या कोपऱ्यात बसून आपट्याची पानं निवडत होती.

"हो," ती पानांकडे बघत म्हणाली, "मलाच हौस."

'नियम आहे म्हणजे आधी कुणीतरी चुकलंय' हे वाक्य त्यानंतर मी तिच्या तोंडून ऐकलं नाही.

मागच्या वर्षी ती गेली. त्याच्या थोडं आधी तिने मला फोन केला, "डोळ्याच्या डॉक्टरकडे नेशील का? आणि येताना मखमलाबादवरून जाऊ." मी नेलं. बंगल्याच्या जागी इमारत उभी होती. चार मजले, खाली पार्किंग, अगदी सुनीलदादाच्या नजरेतली. गेटवर वॉचमन. मी गाडी आत घालायला लागलो तर त्याने हात आडवा केला.

"कुणाकडे जायचंय?"

"काही नाही, असंच," मी म्हणालो.

मागच्या सीटवरून आत्या म्हणाली, "चिकूची झाडं बघायला आलेय. मागे होती."

"मागे आता जनरेटर आहे," वॉचमन म्हणाला. "आणि इथं राहणाऱ्यानं फोन केल्याशिवाय बाहेरच्याला सोडत नाय."

माझं डोकं फिरलं. आयुष्यात पहिल्यांदाच बहुधा. मी खाली उतरलो आणि ओरडलो, "अरे, ही जागा हिची होती! हिच्या घरावर उभा आहेस तू!" वॉचमन बिचारा गोंधळला. विडी विझवून उभा राहिला. मी सुनीलदादाला फोन लावायला निघालो, तोवर आत्याने काच खाली केली.

"त्याच्यावर ओरडू नकोस," ती म्हणाली. "बरोबर आहे त्याचं. गाडीत बस."

मी बसलो. गाडी मागे घेऊन रस्त्याला वळवली. गेटच्या वर एका बाल्कनीत कुणीतरी चादरी वाळत घातल्या होत्या, तिकडे ती बघत असावी असं मला वाटलं. मी आरशात बघितलं. पर्स मांडीवर होती, दोन्ही हातांनी घट्ट धरलेली, आणि आत्याची नजर सरळ पुढच्या सिग्नलवर होती, जो अजून बराच लांब होता.